सव्वापाच दुणे साडेदहा

७ फेब्रुवारी

भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते उघडलंच नसतंस, म्हणून पत्ता ऑफिसात छापून घेतला. फसवलं म्हण हवं तर. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. अर्धवट सोडायची सवय तुला कधीच नव्हती.

कामाचंच लिहिते. एकतीस मेला मी निवृत्त होते. संस्थेतल्या माझ्या खोलीतली तीन कपाटं रिकामी करणं चाललंय. माझ्या जागी एक बाई येताहेत, पस्तिशीच्या, बोलायला गोड, पण कागद हातात आला की करवत. मी त्यांना मनातल्या मनात करवतबाईच म्हणते. तिसऱ्या कपाटाच्या तळाशी त्यांना तुझी हिरवी वही सापडली. 'हे अक्षर कुणाचं?' म्हणाल्या. म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीचं, तीन वर्षं इथे माझी सहायक होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण वही घरी वाचायला नेली.

तू गणित शिकून इथे आलेली, आकाशाचा गंध नाही. पहिल्या दिवशी मी टेबलावरचा दिवा लावून त्याच्याभोवती चहाचा कप फिरवला होता, आठवतं? दिवा म्हणजे मेलेला तारा, आकारानं एवढासा पण भारी खादाड. कप म्हणजे त्याचा जोडीदार, साधा धडधाकट तारा. दिवा कपातला वायू ओरबाडतो, तो वायू पडता पडता इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. इतक्या लांबून आपल्याला ना दिवा वेगळा दिसतो ना कप. दिसतो फक्त आकडा, सेकंदाला किती क्ष-किरण आले त्याचा. कप दिव्यासमोर आला की आकडा पडतो, म्हणजे ताऱ्यानं बुडी मारली. या बुडीपासून पुढच्या बुडीपर्यंतचे दिवस मोजले की झाला एका फेरीचा काळ. तू म्हणालीस, 'एवढंच?' मी म्हटलं, 'एवढंच. यात माणसांची आयुष्यं जातात.' तेव्हा मी थट्टेनं म्हणाले होते.

तर आता आपली संस्था छापते त्या सूचीत असे दोनशे चौदा जुळे तारे आहेत. प्रत्येकापुढे त्याचा काळ, आणि त्यापुढे तो काढणाऱ्याचं नाव. पाणकोंबडीपुढे (तू ठेवलेलं नाव अजून इथे चालतं, सारखी बुड्या मारते म्हणून) साडेदहा दिवस आहेत, आणि नाव त्या दुर्बीणवाल्या मंडळींचं. करवतबाईंचं म्हणणं, वहीवरून दिसतं की साडेदहा हा आकडा सगळ्यांच्या आधी तुझ्या हातचा आहे, तेव्हा माझ्या शेवटच्या आवृत्तीत नोंद दुरुस्त व्हावी. मलाही पटतं. तुझी एका ओळीची संमती हवी, बस.

वहीतल्या त्या पानावर खाली लाल शाईत माझीही एक ओळ आहे. तिचं आता काय.

तेव्हा आपल्याकडून चूक झाली खरी. तू रागाच्या भरात निघून गेलीस, तेही मी समजू शकते. पण सतरा वर्षं झाली गं. किती दिवस धरून बसायचं?

आई बरी आहे. त्र्याऐंशी पूर्ण झाली. सुईत दोरा अजून स्वतः ओवते, तीनदा चुकला तरी मला ओवू देत नाही. तुझं नाव निघालं की अजून एकच वाक्य बोलते, ते तुला माहीत आहे.

ताई


२ मार्च

भिंगरी,

उत्तर नाही. बस डेपोत वेळापत्रकं बसवणाऱ्या बाईला वेळ नसतो असं मी धरून चालते. तू त्या कामात आहेस हे मला कसं कळलं ते विचारू नकोस, चौकशा करण्यात मी पहिल्यापासून हुशार.

संमती आली नाही तरी करवतबाई सोडायला तयार नाहीत. परवा वही घेऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, हे पान मला समजावून सांगा. पान त्यांना चांगलं समजलं होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं त्यांना. मग सांगितलं. तुलाही सांगते, तुला सगळं ठाऊक असलं तरी. मी ते कधी सरळ शब्दांत तुझ्यापाशी बोललेच नाही.

पाणकोंबडी अंधूक. एकेकटी बुडी नीट दिसायची नाही. म्हणून आपण सहा वर्षांच्या आकड्यांची लांबच लांब पट्टी घ्यायचो आणि तिच्या ठरावीक दिवसांच्या घड्या घालायचो, एकीवर एक. काळ बरोबर धरला असेल तर सगळ्या बुड्या एकमेकींवर पडतात आणि आलेखात मोठा खड्डा दिसतो. मी सव्वापाच दिवसांची घडी घालायला सांगितली. काय देखणा खड्डा आला होता! मी तो भिंतीवर लावला. येणारा-जाणारा थांबून बघायचा.

तू मात्र घडी उलगडून बसलीस. मी मऊ किरण (वायूतही अडकतात ते) आणि कडक किरण (वायूतून आरपार जातात ते) एकत्र मोजले होते, आकडा मोठा दिसावा म्हणून. तू ते वेगळे केलेस, आणि एकाआड एक बुड्यांचे दोन गठ्ठे रचलेस. मग दिसलं की पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बुडीत मऊ किरण आधी जातात आणि कडक किरण मागे रेंगाळतात. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या बुडीत दोन्ही एकदम गुल. तुझ्या अक्षरात लिहिलंय: 'एक बुडी पडद्याआड, एक भिंतीआड? पडदा म्हणजे वाटेतला वायूचा ढिगारा, भिंत म्हणजे खुद्द जोडीदार. मग भिंत दर दुसऱ्या वेळीच येते. सव्वापाच दुणे साडेदहा. ताईला विचारायचं.'

तो सोमवार होता. तू विचारलंस. दुसऱ्या दिवसापासून मोठी दुर्बीण आपल्याला मिळणार होती. तू म्हणालीस, 'ताई, साडेदहा दिवस थांब. एक अख्खी फेरी डोळ्यांनी बघू, मग पाठव.'

गुरुवारी माझी बढतीची मुलाखत होती. मंगळवारी मी पेपर पाठवला, सव्वापाच दिवस लिहून. सगळ्या घड्या तंतोतंत जुळल्या होत्या, कारण वेगळ्या जातीच्या बुड्या मी एकमेकींखाली दडपल्या होत्या. हे आमच्या धंद्यातलं पहिलीच्या पुस्तकातलं भय आहे, निम्मा काळ सापडणं. मी ते दर वर्षी नव्या लोकांना शिकवायचे.

लाल शाईतली ओळ करवतबाईंनी मोठ्यानं वाचली: 'नको तिथे डोकं चालवू नये.' मग त्यांनी वही मिटली आणि चहा मागवला. मला तो पिववला नाही.

चौदा महिन्यांनी दुर्बीणवाल्यांनी जोडीदार ताऱ्याचा वेग मोजला, साडेदहा दिवस निघाले, आपला पेपर मागे घ्यावा लागला आणि संस्थेच्या चौकशी समितीनं तुला जबाबदार धरलं. तुझं कंत्राट संपलं. मी तेव्हा समितीपुढे जास्त भांडायला हवं होतं, हे आता वाटतं.

ताई


२१ मार्च

भिंगरी,

तुझं कार्ड आलं. ना मायना ना सही. सतरा वर्षांनी तीन शब्द: 'आईला सांगितलंस का?'

खरं सांगू, अंगाचा तिळपापड झाला. मी सूचीची गोष्ट करते, जगभरातल्या माणसांसमोर तुझं नाव लावायचं म्हणते, आणि ही बाई विचारते आईचं! आईला क्ष-किरण म्हणजे दवाखान्यात हाड मोडल्यावर काढतात ते. तिचं वय, तिचा रक्तदाब. आता सांगून काय साधणार? असं सगळं मी तुला लिहून काढलं होतं, चांगली तीन पानं. फाडली.

कार्ड आणलं पोस्टमननं आणि घेतलं आईनं. भिंग नव्हतं जवळ, म्हणून मला विचारलं कुणाचं. मी म्हटलं, विमावाल्यांचं. इतक्या सहज आलं तोंडातून की मीच दचकले. साठीला आले तरी आईशी खोटं बोलताना माझी जीभ अडखळत नाही. सराव आहे तिला.

तेव्हा आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मागच्या पत्रात लिहिलं की समितीनं तुला जबाबदार धरलं. समितीला तुझं नावही धड माहीत नव्हतं. लांबट टेबल, पाच माणसं, पाण्याच्या बाटल्या. मधोमध बसलेले संचालक म्हणाले, 'घड्या घालण्याचं काम कुणाकडे होतं?' मी म्हणाले, 'सहायक करायची.' झालं, एवढंच बोलले मी. आणि बघ, यात अक्षरही खोटं नाही. घड्या तूच घालायचीस. किती दिवसांची घालायची ते मी सांगायचे, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तू दाराबाहेर बाकावर बसली होतीस, मांडीवर हिरवी वही घेऊन. तुला आत बोलावतील, पान दाखवता येईल, अशी तुझी खात्री. मीच बाहेर येऊन म्हटलं, 'आता तुझी गरज नाही, घरी जा, वही माझ्याकडे दे, मी दाखवते.' तू दिलीस. एका शब्दानं विचारलं नाहीस. मी ती कपाटात टाकली, तळाशी.

जाळून टाकावी असं मनात आलं होतं. का टाकली नाही कोण जाणे. त्याला चांगुलपणा म्हणू नकोस, तेवढी मी चांगली नाही.

आईला सांगेन. सांगते म्हणाले ना.

ताई


९ एप्रिल

भिंगरी,

नाही सांगितलं अजून.

संस्थेत मात्र सगळं लेखी दिलं. काळ कुणी आधी ओळखला, पेपर कुणाच्या घाईनं गेला, समितीपुढे मी काय बोलले, वही कुठे होती. आत्ताचे संचालक वयानं माझ्याहून लहान. वाचून म्हणाले, 'मॅडम, निवृत्तीच्या तोंडावर कशाला उकरता हे? नाव घालू की आपण गुपचूप.' मी म्हटलं, गुपचूप केलं म्हणूनच हे झालं. त्यांनी मान हलवून सही केली. नोंद छापायला गेली. तुझं नाव पाणकोंबडीपुढे पहिलं आहे. खाली टीप आहे, चार ओळींची, माझ्या सहीची. संमतीची वाट पाहिली नाही, त्याचा राग आला तर येऊ दे.

त्या संध्याकाळी घरी येताना मी चक्क गुणगुणत आले. म्हटलं, सुटले. आणि जेवायच्या टेबलावर काचेखाली तुझं कार्ड. मीच ठेवलंय तिथे. आई रोज त्यावर तिचं ताट ठेवते.

तीनदा सुरुवात केली. एकदा म्हटलं, आई, ऐक ना. ती म्हणाली, ऐकते, बोल. आणि मी विचारलं, औषध घेतलंस का. दुसऱ्यांदा शेजारीण आली. तिसऱ्यांदा कुणीच आलं नाही, तरी मी उठून नळ बंद करायला गेले, आणि नळ बंदच होता. संस्थेतल्या पन्नास माणसांपुढे लाज वाटली नाही, ती एका म्हातारीपुढे का वाटावी?

का वाटते ते मला पक्कं ठाऊक आहे. कंत्राट गेलं त्यात मी फक्त गप्प राहिले होते. खरी करणी त्यानंतर दोन दिवसांनी झाली, आपल्या स्वयंपाकघरात, आणि ती मी तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलू शकत नाही.

तू जेवायला बसली होतीस. पहिला घास हातात होता. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की भिंगरीच्या हातून चूक झाली आणि माझं नाव खराब झालं. आई उभीच होती, हातात पाण्याचा तांब्या. म्हणाली, ताईनं तुला हाताला धरून तिथे नेलं, पोटच्या पोरीसारखं शिकवलं, आणि तू तिच्याच पायावर धोंडा टाकलास. तू म्हणालीस, 'आई, ताईला विचार. तिच्या तोंडून ऐक.'

आणि आईनं मला विचारलं. तिनं विचारलं गं, हे मी सतरा वर्षं विसरायला बघतेय. 'काय ग, खरं काय?' मी तुझ्यासमोर बसले होते. तू माझ्याकडे बघत होतीस, घाबरून वगैरे नाही, निवांतपणे, आता ताई सांगेल अशा विश्वासानं. मी म्हणाले, 'जाऊ दे, आई. लहान आहे ती.'

मोठ्या मनाची ठरले मी. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि तुला म्हणाली, 'हिची माफी मागितल्याशिवाय या घरात जेवायचं नाही.' तू घास ताटात ठेवलास, हात धुतलास, ताट उचलून ओट्यावर झाकून ठेवलंस आणि गेलीस. तेव्हापासून आई एकच वाक्य बोलते: तिनं एकदा माफी मागितली की मी दार उघडं टाकीन. वाट बघत बसते बिचारी तुझ्या माफीची. मी रोज तिच्या शेजारी बसून तिला वाट बघू देते.

ताई


२८ एप्रिल

भिंगरी,

सांगितलं.

रविवारी दुपारी. वाळलेले कपडे आत आणले होते. तिची ती जुनी निळी चादर होती त्यात, काठाला रांगेनं फुलं असलेली. शिवणवर्ग घ्यायची तेव्हा तिनंच काढलेली फुलं ती, एक उमललेलं, एक कळी, एक उमललेलं, एक कळी. आपण दोघी लहानपणी दोन टोकं धरून तिची घडी घालायचो, आणि तू मुद्दाम टोक सोडून द्यायचीस. आई पलंगावर बसली होती. मी म्हटलं, आई, तुला एक दाखवते.

मी काठाची प्रत्येक फुलाशी घडी घालत गेले, फुलावर कळी, कळीवर फूल. गठ्ठा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, वरून बघ, किती फुलं दिसतात? ती म्हणाली, एक. म्हटलं, यावरून मी सांगितलं की काठाला सगळी फुलं सारखी आहेत. भिंगरी म्हणाली, नाहीत, एकाआड एक आहेत, उलगडून बघ. मी उलगडलं नाही. मला गुरुवारी जायचं होतं.

शिवणकाम शिकवलेली बाई ती. तिला क्ष-किरण कळायची गरजच पडली नाही. तिनं गठ्ठा मांडीवर ठेवला, एकेक घडी सोडत गेली. सगळा काठ सरळ झाल्यावर म्हणाली, 'म्हणजे घडी घालायला तू सांगितलीस.'

'हो.'

'आणि ती त्या दिवशी म्हणाली, ताईला विचार.'

'हो.'

'मी विचारलं होतं तुला.'

मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, छाती धरून बसेल. रक्तदाबाच्या गोळ्या मी आधीच काढून ठेवल्या होत्या. यातलं काहीच झालं नाही. ती उठली आणि चादरीची घडी घालायला लागली. मोठी चादर, एकटीला जमत नाही. मी दुसरं टोक धरायला गेले, तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. हनुवटीखाली धरून, पलंगावर पसरून, धापा टाकत घातली घडी, वाकडीतिकडी. मी उभी राहून बघत होते.

मग म्हणाली, विमावाले हल्ली हातानं पत्र लिहितात का ग? टेबलाच्या काचेखाली रोज बघतेय मी. तीन शब्द आहेत, भिंग लावल्यावर वाचता येतात. तू आपणहून सांगशील म्हणून थांबले होते. म्हणजे महिनाभर तिला ठाऊक होतं की सांगण्यासारखं काहीतरी आहे. काय आहे, ते मात्र तिला स्वप्नातही आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, मला काही आजार झालाय.

संध्याकाळी मी पानं घेतली. ती टेबलाशी आली नाही. खोलीच्या दारात जाऊन म्हटलं, आई, दोन घास खा. ती म्हणाली, 'मी तिला सांगितलं होतं, माफी मागितल्याशिवाय या घरात जेवायचं नाही. माफी मागायची होती खरी. माणूस चुकीचं धरलं मी.' मी म्हटलं, आई, चूक माझी आहे, तू कशाला. ती म्हणाली, 'तू खोटं बोललीस ते तुझं. माझ्या पोरीला ताटावरून मी उठवलं. ते माझं.'

सोमवारपासून ती शेजारणीकडे जेवते. शेजारीण मला जिन्यात भेटते तेव्हा नजर चुकवते. काय सांगितलंय तिला देव जाणे. बहुतेक काहीच नाही. माझी अब्रू राखायची सवय आईलाही आहे.

तू हेच मागितलं होतंस ना? मी चिडून विचारत नाही. मला खरंच वाटलं होतं की सांगितलं की हलकं वाटेल. हलकं तुला वाटलं तर बरं. मी माझ्या मानेवरचा धोंडा उतरवला आणि त्र्याऐंशी वर्षांच्या बाईच्या मांडीवर ठेवला, असं मला वाटतं. तरी सांगायलाच हवं होतं. सतरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, तेव्हा ती सहासष्टची होती आणि एकटीनं चादरीची घडी घालू शकत होती.

ताई


६ मे

भिंगरी,

काल आईनं तुला फोन केला. नंबर माझ्याच वहीतून घेतला, आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाली, उद्याची (म्हणजे आजची) नऊ चाळीसची बस आहे, तीन दहाला पोचते, भिंगरी डेपोत उभी राहणार आहे. म्हणजे तूच बसवलेल्या वेळापत्रकातली बस. वेळेवर येईल अशी मी आशा करते.

मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाली. पुढची जागा मिळवून दिली आहे, कंडक्टरला सांगून ठेवलंय. पिशवीत औषधं आहेत. पांढरी गोळी सकाळी, पिवळी जेवणानंतर. ती विसरल्याचं सोंग करते, ऐकू नकोस. सुईत दोरा तिला स्वतःलाच ओवू दे. निळी चादरही तिनं घेतली आहे, उन्हाळ्यात चादर कशाला म्हटलं तर तिनं ती पिशवीत आणखी खाली दाबली. तुझी हिरवी वही तळाशी आहे. करवतबाईंनी स्वतः बांधून दिली, वर तुझं नाव लिहून. सूचीचं ते पानही आत ठेवलंय. साडेदहापुढे तुझं नाव आहे, आता कुणी पुसणार नाही.

आता एकच मागणं. ती तुझ्या दारात उभी राहील आणि माफी मागेल. पाच दिवस तिचं तेच चाललंय, शब्द जुळवणं. फोनवर मागायची गोष्ट नव्हे म्हणते. तिला मागू देऊ नकोस गं. तिनं तोंड उघडायच्या आत तिला आत घे आणि पाटावर बसव, खुर्चीवर बसव, कुठेही बसव, पण आधी वाढ. सतरा वर्षं ती माझ्या शब्दावर विश्वासून राहिली, एवढाच तिचा गुन्हा. जी माफी मागायची आहे ती माझी आहे. ती मी इथे मागते, सरळ शब्दांत: मी तुझं काम दाबलं, तुझं नाव खराब केलं, आणि आई विचारत असताना तुझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. मला माफ कर. जमलं नाही तर नको करूस.

हे पत्र आईच्या हातात देते आणि सांगते, पोचल्यावर सगळ्यात आधी हे दे. देईल की नाही कुणास ठाऊक.

तिला विचारलं, परत कधी येशील? म्हणाली, बघू. मग विचारलं, मी कधी येऊ तिकडे? ती पिशवीची गाठ मारत होती. म्हणाली, 'तिनं बोलावलं की.'

काल रात्रीचं जेवण मी दोघींचं केलं, सवयीनं. तिचं ताट ओट्यावर झाकून ठेवलंय. तुझंही ताट तिथेच झाकलेलं होतं त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी सकाळी मीच ते रिकामं केलं होतं.

एकतीस मेनंतर मला कुठेही जायचं नाही. मुलाखत नाही, गुरुवार नाही. तू म्हणाली होतीस, साडेदहा दिवस थांब, ताई. तेवढंही मला जमलं नव्हतं.

आता थांबते. कितीही दिवस सांग.

ताई